क जीवनसत्त्व: उणीव कुणाची, गोळी कुणाला?

मार्गशीर्षातली थंडी, संगमावरचं पहाटेचं स्नान आणि दत्तजयंतीची गर्दी यांच्यासोबत नृसिंहवाडीत सर्दी-पडसंही मुक्कामाला येतं. मग कुणी काढा उकळतो, कुणी वाफारा घेतो आणि बरेच जण मेडिकलमध्ये जाऊन संत्र्याच्या चवीची, चघळायची ती गोळी मागतात. कोविडच्या साथीपासून ती अनेक घरांत कायमची येऊन बसली आहे. तिच्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, प्रतिकारशक्ती वाढवते, मग घ्यायला काय हरकत? दुसरं म्हणतं, पैसे वाया आणि भ्रम पदरात. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद रचला आहे. एका बाजूला वाडीत मेडिकल चालवणारे मामा आहेत, दुसऱ्या बाजूला कोल्हापुरात आहारशास्त्र शिकवणारी त्यांची भाची.

मामा : तुझी आई सांगत होती, तू वर्गात मुलींना म्हणतेस की व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. अगं, माझं निम्मं आयुष्य या गल्ल्यावर गेलं. कोविडमध्ये या गोळ्यांसाठी लोक दारात उभे असायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झिंकच्या शेजारी हीच लिहिलेली असायची. मग ते सगळे चुकले म्हणायचं का?

भाची : मामा, उपयोग नाही असं मी म्हणत नाही. क जीवनसत्त्वाशिवाय माणूस जगत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्या शरीरात ते पुरेसं आहे त्याला आणखी देऊन त्याची प्रतिकारशक्ती वाढत नाही. आणि ज्याच्यात ते खरोखर कमी आहे तो माणूस तुमच्याकडे गोळी मागायला येतच नाही.

मामा : ही दोन विधानं झाली. दोन्ही पटवून दे. आधी सांग, हे शरीरात करतं तरी काय?

भाची : मुख्य कामं तीन. पहिलं, कोलॅजन नावाच्या प्रथिनाची बांधणी. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, नाका-घशाचं अस्तर, सगळं त्याच्या आधारावर उभं असतं. जंतूला आत शिरताना पहिली अडचण होते ती या अस्तराची. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजनचे धागे पक्के होत नाहीत. मग हिरड्यांतून रक्त येतं, जखम भरत नाही. दुसरं काम पांढऱ्या पेशींमध्ये. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूला गिळतात आणि आत दाहक रसायनं सोडून मारतात. त्या रसायनांनी पेशीचं स्वतःचंच नुकसान होऊ नये म्हणून क जीवनसत्त्व लागतं. तिसरं, काम संपलं की या पेशींनी वेळेवर बाजूला व्हायला हवं, नाहीतर सूज रेंगाळते. तिथेही त्याचा हातभार दिसतो. म्हणूनच या पेशी भोवतालच्या रक्तद्रवापेक्षा ५० ते १०० पट क जीवनसत्त्व आपल्यात साठवून ठेवतात.

मामा : बघ, माझंच म्हणणं तू सिद्ध केलंस. पेशी एवढा साठा करतात म्हणजे त्यांना भरपूर हवं असणार. आणि मी वाचलंय, शेळीच्या अंगात हे जीवनसत्त्व आपोआप तयार होतं, तेही रोज काही ग्रॅम. माणसाला ते तयार करता येत नाही. मग शेळीला ग्रॅमनी लागतं ते माणसाला मिलिग्रॅममध्ये कसं भागेल?

भाची : शेळीचं खरं आहे. हे जीवनसत्त्व तयार करणारं शेवटचं विकर बनवण्याचा जनुक माणसात निकामी झालेला आहे. माकडांच्या बऱ्याच जातींत आणि गिनीपिगमध्येही तसंच. पण त्याची भरपाई शरीर काटकसरीने करतं. वापरलेलं क जीवनसत्त्व तांबड्या पेशी पुन्हा मूळ रूपात आणतात आणि साठा कमी असेल तेव्हा मूत्रपिंड ते लघवीवाटे जाऊ न देता परत ओढून घेतं. त्यामुळे शेळीचा हिशेब आपल्याला लागू होत नाही. माणसाला किती लागतं ते माणसावरच मोजलेलं आहे. अमेरिकेत मार्क लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. सात निरोगी तरुणांना काही महिने रुग्णालयात ठेवलं, आधी आहारातलं क जीवनसत्त्व जवळजवळ बंद केलं आणि मग ३० मिलिग्रॅमपासून २,५०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. रोज १०० मिलिग्रॅमला पांढऱ्या पेशी भरल्या. त्यापुढे कितीही दिलं तरी पेशींमधला साठा वाढला नाही. ५०० मिलिग्रॅम आणि त्यापुढच्या मात्रेत तर आतड्यातून शोषलं जाण्याचं प्रमाणच घटलं आणि जे शोषलं गेलं त्यातलं बहुतेक लघवीतून बाहेर पडलं.

मामा : म्हणजे वरचं सगळं वाया?

भाची : राधानगरी धरण पूर्ण भरलं की स्वयंचलित दरवाजे उघडतात ना? मग पाणलोटात कितीही पाऊस कोसळो, धरणातला साठा वाढत नाही. पाणी भोगावतीत, तिथून पंचगंगेत आणि शेवटी आपल्या वाडीत येतं. मूत्रपिंडाचं काम तसंच चालतं. आता ही तुमची पट्टी उलटी करून वाचा. ॲस्कॉर्बिक आम्ल १०० मिलिग्रॅम, सोडियम ॲस्कॉर्बेट ४५० मिलिग्रॅम. दोन्ही मिळून ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेली रोजची शिफारस पुरुषाला ८०, बाईला ६५. एका गोळीत आठवडाभराची गरज एकदम पोटात जाते आणि पेशींना त्यातली एका दिवसापुरतीच उपयोगी पडते.

मामा : तुझे सात तरुण निरोगी होते. आजारी माणसाचं काय? जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर बारा आजारी खलाशी घेतले, दोघादोघांना वेगवेगळं औषध दिलं. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ते सहा दिवसांत उठून कामाला लागले. मरायला टेकलेली माणसं उठवणारी ही चीज आहे. ती सर्दीला भारी पडणार नाही?

भाची : लिंडचे खलाशी स्कर्व्हीचे रोगी होते. महिनोन्‌महिने ताजी भाजी नाही, फळ नाही. त्यांच्यात जे संपलं होतं ते भरून मिळालं म्हणून ते उठले. आपल्या माणसांनीही हे भोगलंय. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ च्या अखेरपर्यंत ही फौज कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. आपल्या जवानांच्या शिध्यात भाजी नव्हती आणि घोड्याचं मांस खायला अनेकांनी धर्मामुळे नकार दिला. ताज्या मांसात थोडं तरी क जीवनसत्त्व असतं. तेही त्यांना मिळालं नाही.

मामा : हे मला माहीत नव्हतं. आपल्या भागातल्या किती घरांतले लोक त्या पलटणींत असतील. मग त्यावर उपाय काय काढला?

भाची : लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी बायकांनी हाच प्रश्न हाती घेतला. वाळवंटात भाजी पोचत नाही, मग काय पोचेल? त्यांनी हिंदुस्थानातलं वाळवलेलं आंबट तपासलं: चिंच, कोकम, आमचूर. ताज्या फळाची सर त्यांना नव्हती. पण १९१७ साली त्यांनी दुसरी एक गोष्ट दाखवून दिली. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं; तेच भिजवून मोड आणले की ते नव्याने तयार होतं. मटकी रात्रभर भिजवायची, पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, फडकं कोरडं पडू द्यायचं नाही. दीड-दोन दिवसांत पांढरे कोंब फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावतात. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जे करत आल्या ते सैन्याच्या शिध्यासाठी सुचवलं गेलं. नंतर सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याची परीक्षा झाली, तेव्हा स्कर्व्ही बरा करण्यात तो लिंबाच्या रसाहून सरस ठरला.

मामा : आपल्या मिसळीला मग औषधाचाच मान द्यायला हवा.

भाची : मटकी कटात फार वेळ शिजवली नाही तर. उष्णतेने आणि हवेने हे जीवनसत्त्व नष्ट होतं आणि पाण्यात विरघळून निघून जातं. म्हणून वरून पिळलेलं लिंबू आणि पेरलेली कोथिंबीर यांचं मोल जास्त. पानात डावीकडे लिंबाची फोड, कोशिंबीर, हिरवी चटणी असायची ती नुसती शोभा नव्हती. सबंध जेवणातला न शिजवलेला भाग तोच असायचा.

मामा : ते मान्य. पण सर्दीचा प्रश्न तू टाळलास. लायनस पॉलिंग काही लहान माणूस नव्हता. रसायनशास्त्राचं नोबेल १९५४ चं, शांततेचं १९६२ चं. त्याने १९७० साली पुस्तक लिहून जगाला सांगितलं, की रोज एक-दोन ग्रॅम घ्या, सर्दी पळेल. एवढ्या माणसाला काहीतरी दिसल्याशिवाय त्याने लिहिलं असेल?

भाची : पॉलिंगचं ऐकून जगभर चाचण्या झाल्या, हा त्याचा उपकारच. माणूस मोठा म्हणून मत खरं ठरत नाही; ते तपासावं लागतं. फिनलंडच्या हॅरी हेमिला यांनी एलिझाबेथ चॉकर यांच्याबरोबर २०१३ मध्ये कोक्रेन संस्थेसाठी सगळ्या चाचण्या एकत्र केल्या. २९ चाचण्या, ११ हजारांवर माणसं, रोज किमान २०० मिलिग्रॅम. सामान्य माणसांत सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

मामा : एवढंच? की पुढचं वाक्य गाळतेस?

भाची : नाही गाळत. रोज घेणाऱ्यांना सर्दी झालीच तर ती थोडी लवकर आटोपली. मोठ्या माणसांत सुमारे ८ टक्क्यांनी, मुलांत सुमारे १४ टक्क्यांनी. पाच-सहा दिवसांची सर्दी मोठ्या माणसात अर्ध्या दिवसाने आधी गेली. पण हा फायदा आधीपासून रोज घेणाऱ्यांचा. शिंका सुरू झाल्यावर गोळी सुरू केली त्यांना ठाम असा फायदा दिसला नाही. आणि तुमची बहुतेक गिऱ्हाइकं शिंका सुरू झाल्यावरच येतात.

मामा : अर्धा दिवस का होईना, फरक आहे ना? हातावर पोट असलेल्या माणसाचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी.

भाची : तुमचा हा मुद्दा मी बाजूला सारणार नाही. त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आहे. पाच चाचण्या अशा लोकांवर होत्या ज्यांना थोड्या काळासाठी कमालीचे कष्ट पडत होते: मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक. मिळून ५९८ माणसं. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

मामा : मग आपल्याकडे असे लोक कोण? वाडीला पायी दिंडीने येणारे? की ऊसतोडीच्या टोळ्या?

भाची : माझ्याही मनात ऊसतोडीच्या टोळ्याच येतात. बीडकडची माणसं शिरोळच्या फडात येतात, भर थंडीत अंधार असताना कोयता हातात घेतात, कोपीत राहतात. खाणं भाकरी, चटणी, कधी पातळ डाळ. त्या चाचण्यांचा निकाल त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. स्कीइंग करणाऱ्याचा आहार आणि तोडणी करणाऱ्या बाईचा आहार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण कष्ट आणि थंडी यांच्या जोडीला जिथे आहारही कोरडा, तिथे उणीव असण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यांच्यापैकी किती जण तुमच्याकडे येऊन ही गोळी मागतात?

मामा : कुणी नाही. अंगदुखीची गोळी मागतात, खोकल्याचं औषध मागतात.

भाची : हेच माझं दुसरं विधान होतं. आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त तपासून पाहिलं तर उत्तर भारतातल्या केंद्रात सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेतल्या केंद्रात सुमारे ४६ टक्के लोकांमध्ये क जीवनसत्त्वाची कमतरता होती. जास्त कुणात? गरिबांत, कृश माणसांत, तंबाखू ओढणाऱ्या-खाणाऱ्यांत, चुलीच्या धुरात राहणाऱ्यांत. आपल्याकडे मिशरी लावणारी, चुलीपुढे बसणारी, दात गेल्यामुळे आमटीत भाकरी कुस्करून खाणारी म्हातारी डोळ्यांपुढे आणा. प्रतिकारशक्तीचा आणि या जीवनसत्त्वाचा खरा संबंध तिच्या बाबतीत आहे. सकाळी फळं खाऊन वर गोळी चघळणाऱ्या माणसाच्या बाबतीत नाही.

मामा : कोविडचं राहिलं. तेव्हा तर सगळ्यांनाच दिली.

भाची : २०२० च्या सुरुवातीला कुणाकडेच पुरावा नव्हता. जे स्वस्त आणि कमी धोक्याचं वाटलं ते डॉक्टरांनी दिलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण नंतर चाचण्या झाल्या त्या वाचायला हव्यात. २०२१ मध्ये अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या २१४ कोविड रुग्णांवर चाचणी झाली. काहींना रोज ८ ग्रॅम क जीवनसत्त्व, काहींना झिंक, काहींना दोन्ही, काहींना नेहमीचेच उपचार. लक्षणं लवकर कमी झाली नाहीत आणि फायदा दिसण्याची आशा नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. २०२२ मध्ये अतिदक्षता विभागातल्या जंतुदोषाच्या ८७२ रुग्णांना शिरेतून मोठ्या मात्रेत दिलं, तेव्हा मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण उलट जास्त आढळलं: ४४.५ टक्के, न दिलेल्यांत ३८.५ टक्के. जास्त म्हणजे चांगलंच, हा समज तिथे टिकला नाही.

मामा : ते शिरेतलं झालं. माझी चघळायची गोळी तर निरुपद्रवी आहे ना?

भाची : थोडे दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. पण जास्तीच्या क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होऊन लघवीत उतरतो. स्वीडनमध्ये पुरुषांच्या मोठ्या गटावरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मूतखड्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. खड्याची तक्रार असलेला माणूस तुमच्याकडे पोटॅशियम सायट्रेटचं औषध न्यायला येतो आणि सोबत या गोळ्यांची पट्टीही नेतो. त्याला विचारायला हवं. आणि सर्वांत मोठा धोका औषधाचा नाही, भरवशाचा आहे. गोळी चालू आहे म्हणून ताप अंगावर काढणं, लस टाळणं.

मामा : विचारीन. पण एक तुला विचारतो. लोक गोळीकडे का वळतात? कारण घरात फळ नाही. बाजारात सफरचंद महाग, संत्री महाग.

भाची : सफरचंदात हे जीवनसत्त्व नावापुरतंच असतं, मामा. संत्र्यापेक्षा पेरूत कितीतरी जास्त. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास. एस.टी. स्टँडवरून देवळाकडे येताना हातगाडीवर बाई पेरू चिरते, चार फाका करते, त्यावर तिखट-मीठ लावते. त्यातल्या दोन फाका खाल्ल्या तरी दिवसाची गरज भागते. आवळा त्याच्याही पुढे. कोबी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, हिरवी मिरची, ढोबळी मिरची, सगळ्यांत भरपूर. सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने हे जीवनसत्त्व वेगळं काढलं. संशोधनासाठी ते किलोंनी हवं होतं, ते त्याला सेगेड गावच्या लाल मिरचीत सापडलं. १९३७ चं नोबेल त्याला मिळालं. ताज्या मिरचीची आपल्या कोल्हापुरात वाण नाही.

मामा : पण पेरूने सर्दी होते. पोराला खोकला असताना पेरू कोण देतं?

भाची : इथेच आपलं चुकतं. थंडीच्या दिवसांत, जेव्हा पेरू आणि आवळा स्वस्त असतो, तेव्हाच आपण मुलांना म्हणतो, पेरू नको, लिंबू नको, आवळा नको, घसा धरेल. आणि तीच आई संध्याकाळी तुमच्याकडून संत्र्याच्या चवीची गोळी नेते. सर्दी विषाणूने होते, पेरूने नाही. घसा दुखत असेल तर आंबटाने चुरचुरेल, तेवढ्यापुरतं थांबावं. पण अख्खा हंगाम फळ बंद करून गोळी देणं हे आपल्याच मुलांचं नुकसान आहे.

मामा : आणि वाडीची कवठाची बर्फी? ती तर आंबट-गोड असते.

भाची : आवडीने खावी, प्रसाद म्हणून खावी. पण आंबट लागतं म्हणून क जीवनसत्त्व असतंच असं नाही. चिंच आंबट, पण तिच्यात अगदी थोडं. बर्फीचं मिश्रण तर साखरेत आटवलेलं असतं.

मामा : आता माझं शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं ऐक. तुझा पेरू, तुझा आवळा, तुझी कोशिंबीर हे सगळं सुखाच्या दिवसांत ठीक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला, मंदिर पाण्याखाली गेलं, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं उठली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच, आणि तेव्हा कोविडही होता. छावणीत आलेल्या शिध्यात काय होतं? बिस्किटं, फरसाण, खिचडी, पाण्याच्या बाटल्या. पाणी उतरल्यावर भाजीचे मळे कुजलेले, बाजारात मेथीची जुडी हात लावू देईना. अशा वेळी ही गोळी नको म्हणशील?

भाची : नाही म्हणणार. इथे तुमचं बरोबर आहे. धडधाकट माणसाच्या शरीरात एक ते तीन महिने पुरेल एवढा साठा असतो. त्याला दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्ही होणार नाही. पण ज्या म्हातारीचा साठा आधीच तळाला गेलेला, जी बाई गरोदर आहे किंवा बाळाला पाजते आहे, तिला महिनाभर भाजी मिळणार नसेल तर रोजची १०० मिलिग्रॅमची गोळी हे तिच्यासाठी अन्नच आहे. पूरग्रस्तांच्या शिध्यात ती असायला हवी, हे तुमचं म्हणणं मी पुढे मांडीन. त्याच्या शेजारी लिंबं असावीत, ती आठवडाभर टिकतात. आणि कोरडी मटकी, मूग. पिण्याजोगं पाणी मिळालं की छावणीतही मोड आणता येतात.

मामा : आणि पुरानंतर गॅस्ट्रो येतो, कावीळ येते, लेप्टो येतो. ते थांबेल?

भाची : क जीवनसत्त्वाने नाही थांबणार. त्याला उकळलेलं किंवा क्लोरिन घातलेलं पाणी, चिखलात उतरताना बूट, डॉक्टरांनी दिलेली प्रतिबंधक औषधं, डासांचा बंदोबस्त हवा. प्रतिकारशक्ती ही एका जागी साठवलेली एकच वस्तू नाही. झोप, प्रथिनं, लोह, लस, स्वच्छ पाणी, सगळं मिळून ती उभी राहते. त्यात क जीवनसत्त्वाचा वाटा आहे. तो त्याच्या मापाने धरावा.

मामा : लोहाचं म्हणालीस म्हणून विचारतो. रक्तवाढीच्या गोळ्या नेणाऱ्या बायका रोज येतात.

भाची : त्यांना नक्की सांगा. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व फार मदत करतं आणि चहा ते अडवतो. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळावं, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. सर्दीपेक्षा या जीवनसत्त्वाचा आपल्या भागातला मोठा उपयोग मला इथे दिसतो.

मामा : ठीक. मी गोळी विकणं बंद करणार नाही. पण आजपासून मागेल त्याला पट्टी द्यायची नाही, आधी विचारायचं. काय खाता? तंबाखू आहे का? खडा झालाय का? घरात म्हातारं माणूस आहे का, ते काय खातं?

भाची : आणि मी वर्गात नुसतं 'गोळी नको' म्हणणार नाही. कुणाला हवी आणि किती हवी, तेही सांगीन.

या दोघांचं एकमत जिथे झालं तिथूनच आपला खरा प्रश्न सुरू होतो. गोळी घ्यावी की न घ्यावी हा वाद खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांत चालतो आणि तिथे तिचा फायदा नाममात्र आहे. ज्यांच्या अंगात क जीवनसत्त्वाचा साठा रिता आहे ती माणसं या वादात कुठेच नाहीत. ती तोडणीच्या फडात आहेत, चुलीपुढे आहेत, पुराच्या छावणीत आहेत. त्यांच्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महागही नाहीत: शाळेच्या पोषण आहारात आणि अंगणवाडीच्या ताटात मोड आलेलं कडधान्य आणि लिंबाची फोड, ऊसतोडीच्या टोळीपर्यंत आठवड्याला पेरूची एखादी पाटी, गरोदर बाईच्या लोहाच्या गोळीसोबत लिंबूपाण्याचा सल्ला आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठी दर पावसाळ्याआधी तयार होणाऱ्या आपत्तीच्या यादीत भाजी-फळांचा आणि गरजूंसाठी छोट्या मात्रेच्या गोळीचा एक रकाना. तो रकाना भरायला ग्रामपंचायत पुरेशी आहे, तरुण मंडळं पुरेशी आहेत आणि पुढच्या पुराची वाट पाहायची गरज नाही.